दाजींच्या बोटीची पितळी तोंडं

दाजी,

चौकातला तुमचा फ्लेक्स परवाच्या वाऱ्यानं फाटला. बरोबर गॉगलच्या मधोमध. आता एका डोळ्यावर तुमचा तो काळा गॉगल आहे आणि दुसऱ्या डोळ्याच्या जागी मागची पाण्याची टाकी दिसते. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली 'दर्यावर्दी नेतृत्व' असं छापलंय. दर्या म्हणे. आपल्या पुंडलिकनगरात नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली हातातली कामं टाकून पळते, आणि तिथं तुम्ही दर्यावर्दी. हे वाचून तुम्ही खूश झाला असता, हे लिहितानाच मला कळतंय.

फोटो धरणावरचा आहे. तुम्ही बोटीच्या मागच्या फळीला टेकलेले, कंबरेवर हात, आणि पायाशी एक्झॉस्टच्या धुराच्या नळ्यांची ती दोन पिवळीधमक तोंडं. मूळ फोटो माझ्या मोबाइलमधला, म्हणून मला ठाऊक आहे की डावीकडं काठावर जेवणाचा डबा घेऊन अक्का उभी होती. फ्लेक्सवाल्यानं तिला कापली. कोपर तेवढं राहिलं. त्याला तरी काय बोलायचं? तुमच्या सगळ्याच फोटोंत ती अशीच कडेला असायची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण मंगल, तुमची बायको. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तुम्ही जिवंत असताना पुष्कळदा सांगावंसं वाटायचं.

शोकसभेत लोक काय काय बोलले. एक जण म्हणाला, मराठवाड्याला पाण्याकडं बघायची नवी नजर तुम्ही दिली. दुसऱ्याला गळा दाटून पुढं बोलताच येईना, तो तुमच्या बोटीत बसून दोनदा मटण खाऊन गेलेला. मला बोलायला उठवलं तेव्हा मी म्हणालो, माझा घसा बसलाय. घसा ठणठणीत होता. पण तोंड उघडलं असतं तर मी तुमच्या एक्झॉस्टवरच बोललो असतो, आणि पुढच्या रांगेत अभिजित बसला होता. तुमचा मुलगा असला तरी तो माझा भाचा आहे.

म्हणून आता इथं बोलतो. इथं तुम्हाला मध्ये तोडता येणार नाही, ही सोय आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली आहे.

ती बोट तुम्ही गोव्याहून जुनी उचलून आणलीत. धरणाच्या फुगवट्याला तुमचं वडिलोपार्जित शेत, पाणी पार बांधाला लागलेलं, एवढ्यावर तुमची कल्पना धावली. धरणात बोट चालवायची परवानगी कुणाकडून काढली होतीत, का काढलीच नव्हतीत, हे तुमच्याबरोबरच गेलं. ट्रकवरून ती आधी पुंडलिकनगरात आणलीत. का, तर गल्लीनं बघावी. वळणावर ट्रक अडकला, शेजाऱ्यांची जाळी तुटली, शेंगदाण्याच्या गाडीवाल्यानं धंदा सोडून दिशा दाखवायचं काम हातात घेतलं. आणि तुम्ही ट्रकच्या टपावरून ओरडलात, "अगं ए, ताट घेऊन ये, ओवाळायचं हाय!"

अक्का ताट घेऊन आली. तिनं बोट कधी जवळून बघितली नव्हती. पुढची बाजू ताडपत्रीनं बांधलेली, मागं क्रोमची दोन चकचकीत तोंडं डोळ्यांसारखी समोर. तिला वाटलं हीच समोरची बाजू. तिनं त्या दोन नळ्यांना हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "बरोबर केलं तिनं. जे दिसतं त्याचीच पूजा करायची असती." तुमचं सगळं तत्त्वज्ञान ह्या एका वाक्यात होतं, आणि तेही चुकीचं.

ज्यातून धूर आणि इंजिन गार करून गरम झालेलं पाणी बाहेर पडतं, त्या नळीचं ते तोंड. काम एवढंच. काजळी धरते, धरणाच्या पाण्याचा पांढरा क्षार बसतो. साबणाच्या पाण्यानं धुवायचं, क्षार असेल तिथं व्हिनेगरचा बोळा फिरवायचा, मऊ फडक्यानं कोरडं करून मेणाचा हात द्यायचा. जागच्या जागी. हे मी तुम्हाला माझ्या चितेगावच्या वर्कशॉपमध्ये खुर्चीवर बसवून, चहा पाजून सांगितलं होतं. तुम्ही चहा प्यालात.

आणि केलंत काय? दर रविवारी पान्यानं ती तोंडं उचकटून घरी आणायला लागलात. कारण दर रविवारी अक्का देवाची भांडी घासते. समई, निरांजन, तांब्या, ताम्हन, आणि त्यांच्या शेजारी बोटीची दोन एक्झॉस्ट. चिंच, मीठ आणि वरून राख. मी म्हणालो, दाजी, ते क्रोम आहे, चिंचेनं खलास होईल. तुम्ही म्हणालात, "देवाला चालतं ते बोटीला का नाय चालणार?" मोठा लाखमोलाचा प्रश्न. क्रोम पापुद्र्यानं निघून गेलं आणि खालचं पितळ उघडं पडलं. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावला असता. तुम्ही मात्र ते उन्हात धरून मला दाखवलंत. "बघ, आत सोनं व्हतं. विकणाऱ्याला बी ठाऊक नव्हतं."

तेव्हापासून ती बोट इंजिनासाठी नव्हतीच, त्या दोन पितळी तोंडांसाठी होती. पाहुणे यायचे, साहेब लोक यायचे, गावचे पुढारी यायचे. सगळ्यांना आधी मागं नेऊन तोंडं दाखवायचात. त्यात तुमची दुसरी करामत म्हणजे आतल्या रबरी झडपा. लाट उलटी आली तर पाणी नळीतून इंजिनात शिरू नये म्हणून त्या असतात. तुम्ही त्या काढून फेकल्यात. कशासाठी? आवाज घुमावा म्हणून. गावातली पोरं बुलेटचा सायलेन्सर फोडून गल्ल्या हादरवत फिरतात, तेवढीच तुमची अक्कल. इंजिनात पाणी गेलं की मला फोन. "दिग्या, ये. काहीतरी बिघडलंय बघ तुझ्या इंजिनात." बिघडलं की इंजिन माझं, चाललं की तुमचं.

दर आठवड्याला काढून-बसवून स्क्रूंची भोकं फाकली. फळीतून पाणी झिरपायला लागलं. मी म्हणालो, बदला आता ही तोंडं. तुम्ही म्हणालात, "साफ कर म्हण. बदल म्हणू नको. मूळचं ते मूळचं." मी म्हणालो, मूळचं काही उरलंय का? अर्धं तर चिंचेनं खाल्लंय. शेवटी मीच स्टेनलेसची जोडी बनवली. आधी कागदाचा नमुना कापला, मग पत्रा वाकवला, वेल्डिंग करून असं घासलं की सांधा बोटाला लागू नये. आत नवीन झडपा बसवल्या. आजही सांगतो, त्या कामावर मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. तुम्ही ती जोडी हातात घेतलीत, उलटीपालटी केलीत आणि म्हणालात, "चितेगावचा माल." झालं. वर म्हणालात, भोकं जुळत नाहीत. भोकं माझी बरोबर होती. फाकली होती ती तुमची. ती जोडी तुमच्या शेतातल्या शेडमध्ये पोत्याखाली पडून राहिली आणि आपलं ते भांडण तिथंच पडून राहिलं.

तुम्ही ते भांडण अर्धवट टाकून गेलात, ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आणि गेलात तेही कसे? न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली. ज्याला स्मशानात जातानाही बुटाला पॉलिश लागायचं, तो माणूस एक गाल साबणाचा ठेवून गेला. उरलेली दाढी मी केली. तुमच्या हनुवटीखाली एक बारीक कापलं, ते तुम्हाला माहीत नाही.

तुमच्याबद्दल सगळं वाईटच बोलतोय असं कुणी म्हणेल, म्हणून हेही सांगतो. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही वॉचमनशी भांडलात, नर्सशी भांडलात, लिफ्टवाल्याशी भांडलात, मोठ्या डॉक्टरला तर 'तुमचं शिक्षण कुठं झालं' असं विचारलंत. मला लाज वाटली. पण माझ्याशी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. नुसते चहा आणून शेजारी ठेवत राहिलात. गार झाला की उचलून गरम आणत राहिलात. ती वाचली तेव्हा तुम्ही कॅन्टीनवाल्याला मिठी मारलीत, मला नाही. मला ते चाललं. त्या दिवसांत तुम्ही नसता तर मी कोसळलो असतो. हे मी तुम्हाला कधी म्हणालो नाही, कारण तुम्ही ते चौकात सांगत फिरला असता.

आणि रविवारी धरणावर जाताना वर्कशॉपच्या फाटकासमोर तुमच्या जीपचा तो लांबलचक हॉर्न. मी दर वेळी शिवी हासडायचो. आता रविवारी फाटकाबाहेर पैठण रोडच्या ट्रकांचे हॉर्न वाजतात आणि मी उगाच मान वर करतो. मला तुमची आठवण येते, दाजी. आणि तुमच्यासारख्या माणसाची यावी ह्याचा संतापही येतो.

तेराव्याचं जेवण उरकलं आणि अभिजितनं सांगितलं की बोटीला गिऱ्हाईक मिळालंय, सोमवारी ट्रक घेऊन येतायत. पोरगं पुण्याला नोकरीला, त्याला ती इथं सडत ठेवून काय करायची? मी म्हणालो, उत्तम. माझ्या डोक्याचा ताप गेला. अक्का परातीत भात कालवत होती, उष्ट्या ताटांतला गायीसाठी. तिनं हात थांबवला.

"विकायच्या आधी मला एकदा बसायचंय तिच्यात."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. अभिजितनं विचारलं, "कशात?"

"बोटीत. मी कधी बसले नाय."

दाजी, मी इंजिन उघडलं तेवढ्या वेळा तुमचं डोकं उघडायला हवं होतं. मी धरणावर यायचो तो दुरुस्तीला. काम झालं की चाचणीची फेरी मारून निघायचो. मला वाटायचं अक्का इतर वेळी बसत असणार. कोण विचारतं असलं? बायको आहे, नवऱ्याची बोट आहे. तिनं सांगितलं ते असं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आज साहेब लोक हायत. मग म्हणालात, साडीत बसता येत नाय. मग पाणी कमी हाय. मग तिनं विचारायचं सोडलं. ती बाभळीखाली सतरंजी टाकून बसायची, तुमच्या पाहुण्यांचा स्वयंपाक राखत, आणि संध्याकाळी तोंडं पिशवीत घालून घरी न्यायची.

अभिजित म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील? बाबांना जाऊन महिना झाला नाही आणि तू बोटीत फिरणार?"

"लोकांना मी काठावर दिसत व्हते तेव्हा काय म्हनले का?" अक्का म्हणाली आणि परत भात कालवायला लागली.

मी त्याच दुपारी धरण गाठलं. बोट ट्रॅक्टरनं ओढून वर घेतली. जुन्या तोंडांचे स्क्रू फिरवायचीही गरज नव्हती, बोटानं निघाले. आत काजळीचा इतका थर की चाकूनं खरवडावा लागला. आणि भोकांच्या भोवतीची फळी कुजून काळी पडलेली, पेचकस टेकवला तर आत गेला. अशा फळीवर भरवसा ठेवून तुम्ही लोकांना खोल पाण्यात नेत होतात, वर गॉगल लावून. मी तुम्हाला एवढ्या शिव्या दिल्या की ट्रॅक्टरवाला लांब जाऊन बसला. कुजकं सगळं कोरून काढलं, वाळवलं, रेझिन भरलं, दुसऱ्या दिवशी नवीन भोकं पाडली. पोत्याखालची माझी जोडी काढली.

अक्का डबा घेऊन आली होती. तिनं नवीन तोंडं बघितली. "जुनीच लाव, दिगू."

"ती गळतात अक्का. बुडशील."

"माझी हायत ती."

"दाजींची आहेत."

"बोट त्यांची व्हती. तोंडं माझी. लोक फोटो काढायचे ते कशाचे? इंजिनाचे व्हय?" तिनं जुनं एक तोंड उचलून अंगठ्यानं पुसलं. "त्यांच्यातलं तेवढंच माझ्या हातचं व्हतं. म्हणून तर घासत व्हते. नायतर मला काय हौस आली व्हती?"

मला वाटायचं, त्या रविवारच्या घासण्यात तिचा अपमान होता. तिला तो अभिमान होता. हे मी तुमच्या खात्यावर माफी म्हणून टाकत नाही, दाजी. तिनं तुमच्या कचऱ्यातून स्वतःपुरतं काही काढून घेतलं, त्यात तुमचा काही वाटा नाही. पण मीही तिला विचारलं नव्हतं, आणि तुमच्यासारखंच परस्पर ठरवून टाकलं होतं, एवढं खरं. तरीही नवीन तोंडं मी बसवलीच. मध्ये रबरी गॅस्केट, भोवती पाणी अडवणारं सीलंट, बोल्ट आळीपाळीनं समोरासमोरचे आवळले, बाहेर आलेलं सीलंट बोटानं पुसून घेतलं आणि पूर्ण दिवस सुकू दिलं. अक्का तोंड फिरवून बसली होती. मग म्हणाली, "चांगली दिसतायत. पण ओळखीची नाय वाटत."

रविवारी सकाळी ती आली. अभिजितनं फिरायला जायला आणलेले बूट घातलेले. तो स्वतः काठावर उभा, कपाळाला आठ्या घालून. लाइफ जॅकेट तिनं साडीवरून चढवलं आणि पदर मुद्दाम बाहेर काढून घेतला. पाय टाकताना बोट हलली, तिनं माझा खांदा घट्ट धरला आणि मटकन बसली. नेमकी तुमच्या जागेवर. मी तिला उठवलं नाही. शेजारी उभं राहून सुकाणू धरलं.

इंजिन चालू केलं. मागं वाकून बघितलं, एक थेंब झिरपत नव्हता. तुम्हाला हे ऐकवायचंच होतं. एक थेंब नाही. भोकंही जुळली.

थोडं पुढं गेल्यावर अक्का म्हणाली, "आवाज असा का रे? काठावर तर भिंती हादरल्यासारखा यायचा."

"झडपा लावल्या ना. असाच असायला पाहिजे."

"मग ते उगीच गरजत व्हते म्हण की."

"उगीचच."

ती हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तिनं हात बाहेर काढून पाण्यात बोटं घातली, काढली, पुन्हा घातली. लांब पाणी ओसरलेल्या गाळपेरातल्या हरभऱ्याचा हिरवा पट्टा, त्यापलीकडं पाणपक्ष्यांचा थवा. साधारण मध्यावर, जिथं तुम्ही इंजिन बंद करून पाहुण्यांना किस्से सांगायचात, तिथं मीही बंद केलं. सगळं शांत झालं. अक्का वळली आणि काठाकडं बघत बसली.

"दिगू, ते इथंच थांबायचे ना?"

"हो."

"इथून मी दिसत असंन का रे त्यांना?"

मी काठाकडं पाहिलं. बाभूळ दिसत होती. बाभळीखालचा दगड दिसत होता. अभिजितनं हात कमरेवर ठेवलाय हेही दिसत होतं. दाजी, सगळं लख्ख दिसत होतं. तुम्ही इथं बसून इतकी वर्षं ते बघितलंत आणि पुढचा किस्सा सांगितलात.

"ऊन पाण्यावरून डोळ्यात येतं अक्का," मी म्हणालो. "इथून काठावरचं माणूस दिसत नाही."

तुमच्यासाठी बोललेलं माझं हे पहिलं खोटं. तुमची तेवढी लायकी नव्हती, तरी बोललो.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं नाही. तिची नजर काठावरच होती.

"आभ्यानं चष्मा काढलाय," ती म्हणाली. "पुसतोय."

मग तिनं पदर सावरला, पाठ काठाकडं केली आणि म्हणाली, "चालू कर. आणखी लांब ने. काठ दिसणार नाय तिथपर्यंत."

मी नेली.